चाल बदल गो पोरी!

"मपल्या टाचांकडं बघत चाल गं, इकडंतिकडं बघू नको!"

हा आवाज माझ्या आईचा, फार जुना; 'मपल्या' म्हणजे तिच्या स्वतःच्या टाचा. परभणीकडच्या आमच्या गावात बांधावरून आई पुढं आणि मी मागं. तिच्या डोक्यावर गवताचा भारा इतका मोठा, की मागून पाहणाऱ्याला वाटावं, गवतालाच दोन पाय फुटलेत आणि ते आपलं आपण घरी निघालंय! चालता चालता ती गुणगुणायची:

माय चालती पुढं, लेक मागं मागं गं बाई
काटा कुण्या बी वाटंचा, आधी मायीला लागं गं बाई

पुढं आम्ही दोघी नवी मुंबईत आलो. बांध सुटला, भारा उतरला, ओवीही कुठंतरी वाटेत सांडली. त्या टाचा मात्र माझ्या डोळ्यांत घर करून राहिल्या.

म्हणूनच खारघरच्या कॉलेजात, ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षी, शॉर्ट फिल्मचा विषय सांगायची पाळी आली तेव्हा मी छाती पुढं काढून उभी राहिले. वर्गात कुणी ड्रॅगन उडवणार होतं, कुणी चंद्र फोडणार होतं.

"सर, माझ्या फिल्ममध्ये एक बाई चालते," मी म्हणाले.

"आणि?" विश्वजित सरांनी विचारलं.

"आणि चालतच राहते."

"मग?"

"मग फिल्म संपते."

वर्ग खो खो हसला. मी मनात म्हटलं, हसा लेको! तुमचे ड्रॅगन पंख वाळवत बसतील आणि माझी बाई दिवाळीच्या आत पोचलेली असेल! डावा पाय, उजवा पाय. यात चुकायला जागाच कुठं आहे?

तुम्हाला सांगते, जागा होती. चांगली ऐसपैस, सिडकोच्या मोकळ्या मैदानाएवढी जागा होती!

बाईला एक पाऊल टाकायला लावायचं तर चित्रांचा ढीग उपसावा लागतो. टाच टेकते, अंगाचं वजन येतं, कंबर सरकते, पदर मागून धावत येतो. यातलं एक जरी चुकलं तरी बाई चालत नाही, फरशी पुसल्यासारखी घसरत जाते. माझी बाई कधी घसरायची, कधी फुग्यासारखी तरंगायची. एकदा तर तिचे दोन्ही पाय डावेच निघाले!

सर प्रत्येक वेळी चष्मा कपाळावर चढवून एकच वाक्य म्हणायचे. "पायल, चाल खोटी आहे."

चाल बरोबर आल्याशिवाय फिल्म परीक्षकांपुढं जाणार नव्हती आणि फिल्म गेली नाही तर माझं वर्ष जाणार होतं. नाव पायल आणि पाऊल टाकता येईना! मैत्रिणींनी माझं नाव बदलून 'स्टॅच्यू' ठेवलं, तेही मी निमूट सहन केलं.

"खऱ्या माणसाला चालायला लाव, व्हिडिओ घे आणि त्यावरून काढ," सरांनी सुचवलं.

खरं माणूस घरातच होतं. आई घणसोलीच्या टॉवरांमध्ये पोळ्या करायला जाते आणि आम्ही राहतो घणसोली गावात, बिनलिफ्टच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोली अशी, की हात लांब केला की घर संपतं. तिथं माणूस चालणार कुठं? म्हणून मी पॅसेजमध्ये फोन लावला आणि आईला म्हटलं, "चाल."

आईनं आधी लुगडं बदललं. मग वेणी घातली. मग हनुवटी वर, छाती पुढं, हात ताठ! अशी चालत आली की समोर झेंडा असता तर तोही सावधान झाला असता.

शेजारच्या मालतीबाई दारातून ओरडल्या, "काय मुक्ताबाई, पोलीस भरतीला उभ्या राहताय का?"

"आई, रोजच्यासारखं चाल ना गं!"

"रोजच्यासारखंच तर चालतेय!" आई म्हणाली आणि आणखी ताठ झाली.

मी तसंच चित्र काढलं. सर म्हणाले, "चाल खोटी आहे."

या अशा हताश दिवसांत फ्रीलान्स काम चालून आलं. (बघा, कामसुद्धा चालत आलं. माझी बाई तेवढी नाही!) बोनकोड्याचे नामाशेठ. गावच्या जमिनी गेल्या, इमारती आल्या, गळ्यात साखळी आली, पण बोलणं तसंच बांधाच्या पलीकडून हाक मारल्यासारखं. त्यांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या हळदीचं निमंत्रण कार्टूनमध्ये हवं होतं. निशिगंधाचा चेहरा, हातात हळदीचं ताट, मांडवाकडं चालत येणारी नवरी आणि मागं गाणं. गाणं भाच्यानं डीजेवर वाजवून पाठवलं होतं. मी नवरी चालवली आणि धाडून दिली.

नामाशेठचा आवाजी मेसेज आला. "पोरी, मस्त झालाय! पन चाल बदल गो. चाल बराबर नाय."

माझ्या हातातला चहा तिथंच गार झाला. म्हणजे आता बोनकोड्यालाही कळलं! उद्या भाजीवाला म्हणेल, कोथिंबीर घ्या ताई आणि ती चाल तेवढी बघा!

मी चाल बदलली. नवरी ठुमकत आणली.

"आगो, चाल तीच हाय!"

मी नवरी झपाझप आणली.

"पोरी, मना जुनी चाल पायजे! बोनकोड्याची जुनी चाल!"

आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. अहो, या गावांत 'ळ'चा 'ल' होतो! डोळा म्हणजे डोला, हळद म्हणजे हलद. म्हणजे नामाशेठना हवी होती चाळ! जुनी, कौलारू चाळ! स्वतःच्या बुद्धीवर मी इतकी खूश झाले की उन्हातान्हात बोनकोड्याला गेले, गल्लीबोळ धुंडाळून एक म्हातारी चाळ शोधली आणि नवरीच्या मागं हुबेहूब उभी केली, वाळत घातलेल्या गोधड्यांसकट.

"ही कोनाची घरा मधी आनलीस?" नामाशेठ किंचाळले. "मना चाल पायजे! आयकून पाय थिरकला पायजे!"

पाय थिरकला पाहिजे! म्हणजे घुंगरांचे चाळ! मी नवरीच्या पायात चाळ बांधले. नवरी हळदीला निघाल्यासारखी दिसेना, तमाशाच्या फडावर निघाल्यासारखी दिसायला लागली.

यावर नामाशेठचा मेसेज रडवेला होता. "पोरी, तुज्या पाया परतू काय? माज्या आयची चाल! माजी आय, काशीआय! तिची चाल!"

आईची चाल! एवढं साधं मागणं! बापाला वाटत होतं, लेकीनं आजीसारखं चालत यावं. माझे डोळे भरून आले. पण काशीआय तर देवाघरी गेलेली, तिची चाल आणू कुठून? मग मनात आलं, आई ती आई. आपलीच चाल देऊ.

फोनमधले आईचे व्हिडिओ चाळू लागले. ताठ, ताठ, आणखी ताठ. आणि एक निराळाच सापडला. त्या दिवशी मी "झालं!" म्हणून उतू जाणाऱ्या दुधाकडं धावले होते आणि फोन तसाच चालू राहिला होता. आई वळून कपड्यांच्या बादलीकडं निघाली होती. पाठमोरी.

काय सांगू तुम्हाला! पाऊल टाकण्याआधी एक क्षण थांबणं. मग कंबरेचा खोल हेलकावा, होडी भरतीला लागल्यासारखा. हात अलगद भिंतीकडं गेलेला, जणू चालता चालता भिंतीशी काही गुज बोलतेय. वजन होतं, लय होती! मी एकेक चित्र त्यावरून उतरवलं, नवरीला ती चाल दिली, तिचा हात मांडवाच्या खांबांवरून फिरवला आणि पाठवून दिलं.

नामाशेठ तेव्हा मंडपवाल्याकडं होते. भोवती ठोकाठोक, गाणं ऐकू येईना. लेकीचा चेहरा दिसला, हळद दिसली. "लय भारी!" म्हणून त्यांनी तो व्हिडिओ भावकीच्या, सोसायटीच्या आणि नवरदेवाकडच्या, सगळ्या ग्रुपांवर सोडला.

मी सुटकेचा श्वास घेतला. तो अर्धाच आत गेला असेल, तेवढ्यात फोन खणखणू लागला.

नवरदेवाकडच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, पोरगी लंगडते का? पुढच्या ग्रुपवर पोरीचा पाय मोडला. त्याच्या पुढच्या ग्रुपवर पोरीला जन्मापासूनच पाय अधू. आणि पार शेवटच्या ग्रुपवर पोरीचा एक पाय लाकडी होता आणि बापानं तो साखरपुड्याला लांब साडीत लपवला होता!

जिना दणाणला. पुढं नामाशेठ, मागं निशिगंधा, तिच्या हातातल्या फोनवर नवरदेव केतनची आत्या, स्पीकरवर. त्यांच्या मागं आमची अख्खी इमारत.

"तुला सांगितला काय नि तू केलास काय?" नामाशेठ धापा टाकत म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, आईची चाल!"

"मंग? ही आयची चाल हाय?"

"मग आईची चाल म्हणजे कुठली?"

नामाशेठनी कपाळावर हात मारला. मग तिथंच, जिन्याच्या वरच्या पायरीवर, डोळे मिटले आणि गायला लागले:

हलदीच्या पाटावरी कोन गो बसली
बापाची लारकी नवरी हसली

भरदार गळ्यातून इतका हळू, इतका ओला सूर आला की नळावरची भांडीसुद्धा वाजायची थांबली. लग्नात धवले, म्हणजे हळदीची जुनी गाणी, गायचा मान काशीआयचा होता. भाच्यानं तिच्या शब्दांवर डीजे ठोकला होता आणि नामाशेठना तिचा सूर हवा होता.

"ही चाल, पोरी," ते डोळे पुसत म्हणाले. "गान्याची चाल!"

चाल म्हणजे... चाल! अरे देवा! धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं उडी घेतली असती, पण खाली मालतीबाईंचं पिठाचं दुकान आहे.

फोनमधून आत्या कडाडली. "गानी नंतर गा! आदी पोरीला चालताना दाखवा. आमाला कायपन सांगितला नाय!"

"मी नाय चालून दाखवनार!" निशिगंधा फणकारली. "मी काय बाजारातली म्हैस हाय? आनि लंगडी असते तर मना हलद लागली नसती काय?"

"म्हंजे हाय ना लंगडी!"

"बघ!" नामाशेठ माझ्यावर गरजले. "गाना चुकला तं चुकला, पन माजे पोरीला लंगडी कशाला केलीस?"

आता मात्र माझ्यातली कलावंत खवळली. "लंगडी नाही ती! माझ्या आईची चाल आहे, जशीच्या तशी उतरवलेली! माझी आई लंगडते का? आई, ये गं बाहेर. दाखव यांना चालून!"

आई दारात आली, हातात सगळ्यांच्या चहाचा ट्रे. सगळ्यांच्या नजरा तिच्या पायांवर. तिनं हनुवटी वर केली. छाती पुढं. एक पाऊल सरळ. दुसरंही सरळ.

"काय ता खरा सांगा!" फोन ओरडला. "पोरीचा पाय कसा हाय?"

निशिगंधाचा चेहरा हळद न लागताच पिवळा पडला होता.

आई थांबली. ट्रे तिनं मालतीबाईंच्या हातात दिला. मग हात भिंतीला टेकवला आणि निघाली. पावलाआधी तेच थांबणं. तोच कंबरेचा हेलकावा. भिंतीवरून सरकणारा तोच हात. मी काढलेली चित्रं एकामागून एक माझ्यासमोरून चालत येत होती आणि मला, एवढी डोळे फोडून चित्रं काढणाऱ्या मला, त्यात गुज दिसलं होतं!

आईनं निशिगंधाच्या हातून फोन घेतला.

"ताई, तुमच्या नवरीचे पाय धडधाकट हायेत. त्या व्हिडिओतले पाय माझे हायेत. लंगडी मी हाय. हळद होऊ द्या."

मग आत्याचा आवाज एकदम मऊ. "बरा... मंग तुमी बी या हलदीला. लिफ्ट हाय आमच्याकडं."

नामाशेठ हळूच म्हणाले, "पोरी, गान्याची तेवढी बदल."

मी आईचा हात धरला. "कधीपासून गं?"

"झाले लई दिवस. या जिन्यानं खाल्ला गुडघा."

"मग सांगितलं का नाहीस?"

आई पायरीवर टेकली. गुडघ्यावरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगितलं असतं तर पिच्चर सोडून मला दवाखान्यात घेऊन बसली असतीस. तू फोन लावलास की सगळा जीव गोळा करून सरळ चालत होते बाई. तुझ्या सरांना सांग, पोरीचं चित्र खोटं नव्हतं, मीच खोटं चालत होते. म्हन्लं, पिच्चरमध्ये तरी बाईनं लंगडू नये."