विसपुते काकांची डावी बाजू

विसपुते काकांच्या दारावर बेल नव्हती. बेलच्या जागी भिंतीला एक भोक होतं आणि त्यातून पांढरी दोरी बाहेर लोंबत असे. ती ओढली की आत हॉलमध्ये खुंटीला टांगलेला एक रुमाल वरखाली व्हायचा. त्या वेळी घरातलं कुणी रुमालाकडे बघत असेल तर दार उघडायचं, नाही तर आपण उभे. मी एकदा वीस मिनिटं दोरी ओढत उभा होतो. शेवटी दार उघडून काका कुजबुजले, "अरे दिलीप, किती जोरात ओढतोस! रुमाल फडफडतो ना."

काकांना अर्धशिशी होती. तीसेक वर्षांपासूनची, डोक्याच्या डाव्या बाजूची. डॉक्टरांनी तिला मायग्रेन म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या काकांनी कपाटात नीट जपून ठेवल्या होत्या, पण घेतल्या मात्र नाहीत. "गोळी दुखण्याला झोपवते," ते म्हणायचे, "मला त्याच्याशी बोलायचंय." आणि ते खरंच बोलायचे. डोक्याचा तो अर्धा भाग म्हणजे त्यांच्या घरातली एक तापट नातेवाईक होती. "आज डावी रुसली आहे." "डावीला फोडणीचा वास आवडला नाही." उजवीबद्दल मी एकदाच विचारलं, तर म्हणाले, "ती साधी आहे. तिचं काही म्हणणंच नसतं."

मी पोलादपूरकडचा. बारावी झाल्यावर नवीन पनवेलला ताईकडे आलो, दिवसा कळंबोलीच्या एका गोदामात नोकरी आणि उरलेल्या वेळात कॉलेज. ताईचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच, आणि टीव्ही सतत चालू. समोरचा दरवाजा विसपुते काकांचा. एक दिवस त्यांनी मला जिन्यात वही उघडून बसलेला पाहिलं आणि काही न विचारता आपल्या घरातल्या टेबलाशी नेऊन बसवलं. "इथे वाच. इथे पानसुद्धा हळू उलटावं लागतं, म्हणजे आपोआप नीट वाचून होतं." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या टेबलावर. त्यामुळे पुढे मी जे सांगणार आहे त्यात काकांची थट्टा दिसली, तर ती कृतज्ञ माणसाने केलेली आहे एवढं लक्षात ठेवावं.

त्या घरात शांतता कशी राखली जाई हे पाहण्यासारखं होतं. ताटांखाली जाड कापड. घड्याळ होतं, पण सेल काढलेलं. काकू डाळ-तांदूळ कुकरला लावायच्या, झाकण घट्ट करायच्या आणि त्यांची मुलगी सायली तो कुकर उचलून आमच्याकडे आणायची. ताई तो गॅसवर ठेवायची. तीन शिट्ट्या आमच्याकडे व्हायच्या, वरणभात त्यांच्याकडे जायचा. मिक्सरचंही तसंच. आमच्या गावाकडचे पाहुणे आले की त्यांना वाटायचं, ताईने खानावळ काढली आहे.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, तेव्हा काटेकोरपणा अंगातच होता. सोसायटीच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की आवारात लाऊडस्पीकर, बँड, ताशा किंवा तत्सम कोणतंही वाद्य वाजवू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. विरोध करायचा तर जरा आवाज चढवावा लागला असता, आणि काका पहिल्याच रांगेत डोकं धरून बसले होते.

सगळं असं मुकाट चालू असताना सायलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच बेलापूरच्या ऑफिसातला, भूषण भोईर, विचुंब्याचा. बोलणी करायला मुलाचे वडील हसुराम भोईर आले. गळ्यात चेन, दंड खांबासारखे, आणि आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारायची सवय असलेला. त्यांनी दोरी ओढली ती तुटून हातातच आली. दार उघडेपर्यंत ते ती अपराध्यासारखी हातात धरून उभे होते.

त्या दिवसांत काकांचा दाबाचा उपचार चालू होता. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या मांसल भागात दाब दिला की डोकं उतरतं, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. स्वतः किती वेळ दाबणार, म्हणून दोन्ही हातांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. निळे, प्लॅस्टिकचे. तसेच हात जोडून त्यांनी नमस्कार केला. हसुरामशेठ चिमट्यांकडे बघत राहिले. मग टेबलाशी वाचत बसलेल्या मला हळूच विचारलं, "यांच्यात असा रिवाज हाय काय?" मी उत्तर देण्याआधीच म्हणाले, "मना पन दे ना दोन. आपल्याकरून मान राहिला नाय असं नको." लग्नाची सगळी बोलणी दोन्ही व्याह्यांनी हातांना चिमटे लावून केली. काकूंनी पेढे दिले तेव्हा ते कुठल्या हाताने घ्यायचे हा प्रश्न पडला.

एकच अडचण निघाली, हळदीची. आमच्या आवारात मांडव घालावा तर काकांचाच ठराव आडवा. हसुरामशेठ म्हणाले, "काय हरकत नाय. पोरीची हलद पन आमच्याच दारात करू. आधी पोराला लावू, मंग तिला. आनी हलद म्हंजे आमच्याकडं दनक्यात असते हां, व्याही. बेंजो घरचाच हाय, भाचं वाजवतान."

बेंजो म्हणजे दोन बेंजो, एक कॅसिओ, ताशे, ढोल आणि माणसाच्या उंचीचे स्पीकर. काकूंनी काकांच्या डाव्या कानशिलाकडे बघितलं. सायली म्हणाली, "बाबा, तुम्ही हळदीला नाही आलात तरी चालेल. मी फोटो दाखवीन."

"येणार," काका म्हणाले. "शेवटपर्यंत उभा राहणार."

हातात दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत डावीला तयार करायचं, एवढं एकच काम त्यांनी घेतलं. कपाळाच्या डाव्या निम्म्या भागावर सुंठीचा लेप, आणि तो पट्टीने आखल्यासारखा बरोबर मधोमध संपलेला. तसेच ते ऑफिसला जायचे. पलंगावरून डोकं खाली लोंबकळत ठेवून नाकात कोमट तुपाचे थेंब. एकदा ते तसे पडलेले असताना सिलिंडरवाला आत आला आणि सिलिंडर तिथेच टाकून ताईला बोलवायला धावला. सूर्य उगवायच्या आत दूध आणि गरम जिलबी खावी असंही कुणी सांगितलं होतं. त्या वेळी पनवेलात जिलबी कोण तळणार? म्हणून काकू चार वाजता उठून तळायला लागल्या. आठ दिवसांत डावी तशीच राहिली आणि काकांची पँट कमरेला लागेना.

मग सूर्यस्नान दिलेलं पाणी. निळ्या बाटल्यांत पाणी भरून उन्हात ठेवायचं आणि दिवसातून तीनदा प्यायचं. काकांनी गच्चीच्या जिन्यावर आठ बाटल्या मांडल्या. कुत्री येऊ नयेत म्हणून लोक दारात रंगीत पाण्याच्या बाटल्या ठेवतात, तेव्हा सगळ्या बिल्डिंगला वाटलं, काकांनी सोसायटीसाठी कुत्र्यांचा बंदोबस्त केला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आभार मानले. त्यांच्यासमोरच काकांनी एक बाटली तोंडाला लावली. त्यानंतर त्या बाई काकांशी नेहमी जरा अंतर ठेवून बोलत.

शेवटचा उपाय हसुरामशेठनीच सुचवला. नेऱ्याला एक म्हातारी आजी अर्धशिशी बांधायची. कानाला काळा दोरा बांधून काहीतरी पुटपुटायची. अट एकच, सूर्योदयाआधी पोचायचं आणि घरातून निघाल्यापासून कुणाशीही एक शब्द बोलायचा नाही. काका मला सोबत घेऊन गेले. सहा सीटच्या रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे?" काकांनी डोंगराकडे बोट केलं. "कर्नाळा?" काकांनी जोरजोरात मान हलवली आणि त्याबरोबर कळ आली म्हणून डोकं दोन्ही हातांनी धरलं. रिक्षावाला घाबरून माझ्याकडे वळला. मीही गप्प. नियम फक्त रोग्यासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि काकांच्या उपचारात माझ्यामुळे खोट नको होती. रिक्षावाल्याने आम्हाला थेट दवाखान्यात नेऊन सोडलं. "दोघांची वाचा गेली," तो आतल्या नर्सला सांगत होता, "धाकट्याला पण लागण झालीय." तोवर सूर्य वर आला होता.

म्हणजे हळदीच्या दिवशी डावी होती तशीच होती. आदल्या दिवसापासून ठणकत होती. काकूंनी कपाटातल्या गोळ्या पुढे केल्या. काका म्हणाले, "झोप येईल. आज झोपून कसं चालेल?"

संध्याकाळी आम्ही विचुंब्याला निघालो. सायली आणि काकू आधीच गेल्या होत्या. काकांनी टोपीखाली सुंठ लावली होती, कानांत लवंगेच्या तेलाचे बोळे होते, दोन्ही हातांना चिमटे होते. रिक्षात ते डोळे मिटून श्वास मोजत होते. लढाईला निघालेला माणूस मी पाहिलेला नाही, पण तो असाच दिसत असावा.

मांडवापाशी उतरलो. चारेकशे माणसं, पण आवाज नाही. बायका धवला म्हणत होत्या, म्हणजे हळदीची गाणी, पण ओठांतल्या ओठांत. पोरांना कुणी तरी शेतापलीकडे नेऊन बसवलं होतं. बेंजोवाले भाचे हात मांडीवर ठेवून ओळीने बसले होते. स्पीकर चादरीने झाकलेले. काकांनी मला कोपराने ढोसलं. "कुणी गेलं का रे?"

हसुरामशेठ चवड्यांवर चालत आले. चारशे माणसांतून तो एवढा मोठा माणूस पाय न वाजवता आला. "या व्याही," ते कुजबुजले, "काय काळजी करू नका. सगल्या भावकीला सांगितलाय, आज शिंकायचं पन नाय. तुमाला तरास झालेला आमाला चालनार नाय."

काकांनी एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या. चिमटे काढून खिशात टाकले. पाटावर सायली बसली होती, अंगाला हळद, आणि समोर कुणी काही गमतीचं बोललं म्हणून तोंडावर हात दाबून हसत होती.

"हसुशेठ," काका म्हणाले, "ही चार वर्षांची असताना हिच्या हातातून स्टीलचं भांडं पडलं. मी काही बोललो नाही हो. नुसता डोकं धरून खाली बसलो. त्या दिवसापासून ही घरात पाय वाजवून चालली नाही. शिंक आली की उशीत शिंकते. एक मैत्रीण कधी घरी आणली नाही. मी म्हणायचो, किती गुणी आहे माझी पोर." ते थांबले. "गुणी नव्हती हो ती. लहान होती."

हसुरामशेठनी पाटाकडे वळून बघितलं.

"आज तरी वाजवा," काका म्हणाले. कुणी हललं नाही, कारण ते कुजबुजलेच होते. त्यांना तेवढंच येत होतं. मग त्यांनी दम भरला आणि ओरडले, "अरे, वाजवा!"

सहा वर्षांत मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. तो चिरका होता, मधेच फाटला. सायलीने चमकून वर बघितलं. भाच्यांनी मामाकडे बघितलं, मामाने मान हलवली, चादर ओढली गेली, आणि बेंजो जो सुरू झाला तो माझ्या छातीत येऊन आदळला.

सायली आधी पाटावरच बसून होती. ती गाणं ऐकत नव्हती, बाबांचा चेहरा बघत होती. काका सरळ स्पीकरला लागून जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून तिला उठ, उठ म्हणून खुणा करू लागले. भूषणच्या बहिणींनी तिला ओढून उभं केलं. तिला नाचता येत नव्हतं. ती नुसतीच पाय आपटत होती, एकदा हा, एकदा तो, जमिनीवर जोरजोरात.

मी काकांजवळ गेलो. डावा डोळा पूर्ण मिटला होता आणि त्यातून पाणी वाहत होतं. चेहरा पांढरा पडला होता. मी त्यांच्या कानाला तोंड लावून म्हणालो, "काका, थोडा वेळ बाहेर बसू या."

त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"दिलीप, ती हसतेय ना?"

"हो काका."

"मला ऐकू येत नाही रे या आवाजात. मोठ्याने हसतेय?"

मलाही बेंजोखेरीज काही ऐकू येत नव्हतं. तिचं तोंड उघडं दिसत होतं आणि हात तोंडावर नव्हता, एवढंच.

"खूप मोठ्याने," मी ओरडून सांगितलं.