किसनदादांची चिमूट

किसनदादा धाडच्या बाजारात फुलकोबी घेत नाहीत, तपासतात. गड्डा उचलायचा, खिशातल्या चाकूनं दांडा उभा फाडायचा आणि आत डोळा लावायचा. सलीमभाई भाजीवाले ओरडतात, "ओ दादा, घ्या नाही तं ठेवा! तिचं ऑपरेशन काऊन करून राह्यले?"

"पोकळ हाय," दादा भर बाजारात जाहीर करतात. "बोरॉन कमी." की मागचं गिऱ्हाईकही निघून जातं.

दादांचा मळा आमच्या बांधाला लागून. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास शेतकी खात्याच्या साहेबांनी चावडीवर सांगितलं, की जमिनीत बोरॉन कमी पडलं तर फुलकोबीचा दांडा पोकळ होतो, गड्डा तपकिरी पडतो; आणि ते टाकणखारात, म्हणजे सोनाराच्या बोरॅक्समध्ये, असतं. बाकीचे चहा पिऊन घरी गेले. दादा वाण्याकडे गेले.

तेव्हापासून खिशात टाकणखाराची डबी. कोंबड्यांच्या हाडांनाही बोरॉन लागतं, हे त्यांचं ठाम मत. गुरांचे डॉक्टर म्हणाले, तसं अजून नक्की नाही. दादा म्हणाले, "कोंबडीले इचारलं का तुम्ही?" माझे गुडघे दुखले तेव्हा मात्र डबी उघडली नाही. "डब्बीतलं झाडाचं. माणसानं शेंगदाणे खावे, त्यात असते." गुडघे आहेत तसेच राहिले, मी तेवढी रुंद झाले.

मी पक्की व्यवहारी बाई. पहिल्या वर्षी दादांनी आमच्या वाफ्यांना पाण्यात कालवून चिमूट चिमूट दिली, गड्डे पांढरेशुभ्र भरले. पुढच्या वर्षी मी विचार केला, चिमटीनं एवढं, तर मुठीनं केवढं! दादा बाजाराला गेलेले पाहून टाकणखार मुठीमुठीनं फेकला. काही दिवसांत पानांच्या कडा विडी टेकवल्यासारख्या जळाल्या. त्या हिवाळ्यात आमचं घर त्याच फुलकोबीवर चालायचं होतं.

दादांनी एक पान तोडून पाहिलं. "काय व शांता, वरणात मीठ बी असंच टाकते काय?"

"हाव," उत्तर आमच्या घरच्यांनी दिलं.

मग स्वतःची मोट सोडून दादा आमच्या विहिरीवर उभे राहिले. वाफ्यांना पाण्यामागून पाणी देऊन खार मुळांखाली धुवून काढला. दुपारी बांधावर बसून माझी भाकर खायचे, ठेच्याला नावं ठेवायचे आणि पुन्हा मागायचे. त्यांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. काही रोपं मेली, बरीच नव्या पानांवर आली.

फुलकोबी सावरली, तरी सकाळी दादा डबी घेऊन हजर.

"आता सगळं ठीक हाय, दादा," मी निंदता निंदता म्हटलं.

"एखादं पान बी पिवळं नाही?"

"नाही."

"बरं झालं मंग." म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले. डबीचं झाकण उघडलं, लावलं. मग बांधावरून सावकाश परत गेले. त्या दिवशी दुपार झाली तरी त्यांच्या छपरातून धूर निघाला नाही.

आता दर हिवाळ्यात कडेचा एक वाफा मी टाकणखाराविना ठेवते. त्यातले गड्डे पोकळ निघतात. घरचे विचारतात, "एवढी हुशार बाई तू, हा वाफा काऊन वाया घालवते?" मी बांधावर जाऊन हाक मारते, "दादा, या वाफ्याचं काई खरं नाही. पाहून जा. अन् भाकर जास्तीची झाली."