हवेचा कणही नको!

"रंग माझं ऐकतो, बाबा!" जावईबापूंनी छाती फुगवून सासऱ्यांना सांगितलं.

सासऱ्यांच्या कापड कारखान्यात छपाई खात्याला प्रमुख हवा होता. त्या खुर्चीवर जावईबापूंचा डोळा होता, मेहुण्याचाही होता. आज पडद्याच्या कापडावर निळी फुलं छापून दाखवायची, सासऱ्यांना पटली की खुर्ची आपली! निघताना बायकोने बजावलं होतं, "बाबांपुढे कमी बोला." पण कमी बोलणं जावईबापूंच्या प्रकृतीला मानवत नसे.

छापलेलं कापड वाळून स्टीमरमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या पेटीत, शिरू लागलं आणि जावईबापूंचं तोंड सुटलं.

"हा रंग मोठा हट्टी, बाबा! पाण्यात विरघळतच नाही. म्हणून छपाईच्या पेस्टमध्ये अल्कली आणि रोंगालाइट नावाचं रसायन घातलंय. वाफ लागली की रोंगालाइट त्याचं रूपच पालटतं, निळ्याचा पिवळट करतं. मग तो विरघळतो, धाग्यात शिरतो. बाहेर हवा लागली की पुन्हा मूळपदावर, आणि आत अडकला तो कायमचा!"

"आणि आतच हवा शिरली तर?"

"संपलंच! रोंगालाइट हवेवरच खर्ची पडणार, रंग नुसता वरवर बसणार. पेटीत हवेचा कणही नको!"

हे सासऱ्यांना नीट दिसावं म्हणून जावईबापूंनी पेटीचं दार सताड उघडून धरलं होतं.

"साहेब, ते दार..." स्टीमरवरचा कामगार म्हणाला.

"मध्ये बोलू नका! तर बाबा, हवा म्हणजे आपली वैरीण..."

मेहुण्याने तर दाराला टेकण म्हणून स्टूल आणून दिलं. किती गुणाचा माणूस!

कापड बाहेर आलं ते निळंशार.

"आधी पिवळट दिसायला हवं होतं," कामगार पुटपुटला.

"माझ्या हाताखाली रंग वेळ लावत नाही!"

मग कापड साबणाच्या उकळत्या हौदात गेलं. पाणी निळं झालं. आणखी निळं झालं.

"जास्तीचा रंग निघतोय," जावईबापू म्हणाले.

फुलं, पानं, देठ सगळं पाण्याला दान करून कापड वर आलं. कोरं करकरीत! जावईबापू हौदात फुलं शोधू लागले. खुर्ची गेली ती गेलीच, वर घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं होतं.

सासऱ्यांनी कापड उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं.

"कमाल केलीत, जावईबापू! इतकं पांढरं आमच्या ब्लीचिंगवाल्यांना आजवर जमलं नाही. उद्यापासून तुम्ही त्या खात्यात."

जावईबापूंच्या जिवात जीव आला. "प्रमुख म्हणून?"

"शिकाऊ म्हणून."