स्टेपनी घरी राहिली

देवळी ते केळझर हा काही काशीचा प्रवास नव्हे. पण प्रभाकररावांनी तयारी मात्र तशीच केली होती. लेकीच्या, मेघाच्या, बाळाला गणपतीच्या पायावर घालायचं, देवळाजवळ चार घास खायचे आणि परतायचं, एवढाच बेत. तरी जावयाच्या जुन्या व्हॅनमध्ये तांदळाचं पोतं, कणकेचा डबा, शेगडी, पाण्याची मोठी कॅन आणि सगळ्यांचे जास्तीचे कपडे चढत होते.

“अहो, पोतं कायले?” अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. “देव का उपाशी ठेवते आपल्याले?”

“अन् रस्त्यात अडकलो तं? तिथं काय देव भात शिजवून आणते?”

अन्नपूर्णाबाई हसून गाडीत बसल्या. सगळं देवावर सोडून त्या कायम मोकळ्या. वांग्याच्या वाडीचं पाणी, घरातलं तेलमीठ, पावसाळ्यासाठी कोरडं सरपण, सगळ्याचा घोर एकट्या प्रभाकररावांना. पोतं मावेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांची नजर चुकवून थोडी उचलठेव केली आणि दार लावलं.

सेलू ओलांडलं आणि मागचं चाक फाटकन फुटलं.

“वजन झालं, मामाजी,” जावई धनंजय म्हणाला. “पण काही हरकत नाई, स्टेपनी आहे.” तो मागे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. “मामाजी, स्टेपनी कुठं गेली?”

प्रभाकरराव रस्त्यापलीकडच्या तुरीकडे पाहू लागले. “घरी आहे. पोतं मावत नव्हतं.”

सामान उतरवताना कॅन कलंडली. पाणी कणकेच्या डब्यात शिरलं, तिथून तांदळाच्या पोत्यात आणि कपड्यांच्या पिशवीत. खायचं, प्यायचं, नेसायचं, सगळंच एका झटक्यात गेलं. शेगडी तेवढी कोरडी होती. पण काडीपेटी कपड्यांच्या पिशवीत होती. बाळानं भोकाड पसरलं.

“आता?” रिकामी कॅन उभी करत प्रभाकररावांनी विचारलं.

“देव पाहीन,” म्हणत अन्नपूर्णाबाई निंबाच्या सावलीत टेकल्या.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारा लगबगीनं आला. पुनाजी त्याचं नाव. “समुद्रपूरचे पाहुणे तुमीच का जी?”

“नाई जी. आमी देवळीचे.”

पुनाजीचा चेहरा पडला. “त्यायची बस हुकली म्हणते. नवसाचे रोडगे भाजून, तूप लावून तयार. एवढं अन्न कोणाले चारू, सकाळपासून हाच घोर लागला मले.” मग त्यानं एकेकाकडे निरखून पाहिलं. “तुमाले भुका हायेत का?”

पंगत बसली. पुनाजीच्या बायकोनं बाळाला मऊ लुगड्यात गुंडाळलं. पुनाजीच्या भावानं चाक सेलूला नेऊन दुरुस्त करून आणलं. तिसऱ्यांदा ‘पुरे’ म्हणताना प्रभाकररावांना जाणवलं, आपण येण्याआधीच आपलं जेवण इथं निवत बसलं होतं.

केळझरच्या गणपतीपुढे त्यांनी हात जोडले. “आजपासून घोर बंद. तूच पाह्य.” छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. परतताना ते चक्क गुणगुणू लागले.

“अहो,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “मागच्या दाराले कुलूप लावलं ना?”

“देव पाहीन.”

“अन् वाडीतली मोटर?”

“त्याले माहीत असन.”

अन्नपूर्णाबाई सरळ होऊन बसल्या. “असं काऊन बोलून राह्यले? उद्या बाजार आहे. वांगे कोण तोडन?”

“तूच तं म्हणते, देवावर सोडा.”

“मी सोडतो, कारण तुमी धरून ठेवता!” त्यांचा आवाज रडवेला झाला. “तुमीही सोडलं तं कसं होईन?”

इतक्या वर्षांत असं कुणी प्रभाकररावांना म्हटलं नव्हतं. ते जरा सावरून म्हणाले, “मोटर बंद आहे. कुलूपही लावलं. दोनदा ओढून पाह्यलं.”

“पाहा!” अन्नपूर्णाबाई समाधानानं मागे रेलल्या. “म्हणूनच म्हणतो, देव असते पाठीशी.”

वर्धा यायच्या आत त्या घोरू लागल्या. प्रभाकरराव मात्र ताठ बसून होते. दोनदा ओढून पाहिलेलं ते कुलूप पुढच्या दाराचं होतं की मागच्या, हे काही केल्या त्यांना आठवेना.