शेजारच्या सीटवरचा आवाज

“एवढ्या पैशांत स्वयंपाकघरातल्या सगळ्या फरश्या बदलून झाल्या असत्या,” बायको म्हणाली. तिने खोक्याभोवती एक फेरी मारली आणि न बोलावता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

खोक्यात गेमचा नवा कन्सोल होता. बाजारात येऊन जेमतेम आठवडा झालेला. थोडे महिने दम धरला असता तर किंमत बरीच खाली आली असती, हे नवऱ्यालाही ठाऊक होतं. पण दम धरणं हेच तर त्याचं दिवसभराचं काम. तो कपडे धुण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचा. लोक त्याला वाटेल ते बोलायचे आणि तो म्हणायचा, “तुमची गैरसोय झाली, मला खरंच वाईट वाटतंय. शांतपणे सांगा, मी ऐकतोय.” हे तो इतकं गोड म्हणायचा, की ऑफिसात त्याचं नाव साखऱ्या पडलं होतं. एक बाई तर यंत्र दुरुस्त झाल्यावरही नुसतं बोलायला म्हणून त्याला फोन करायच्या.

घरी पोहोचेपर्यंत मात्र साखर पार संपलेली असायची. बायकोने काही विचारलं की “हं.” वडिलांनी काही विचारलं की आधी चेहरा वाकडा, मग “हं.” आपल्याच माणसांशी बोलायला वेगळे पैसे मिळत नाहीत, म्हणून हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसतो, असं बायकोचं पक्कं मत होतं. ते अगदीच खोटं नव्हतं.

“किंमत वसूल होईल गं,” साखऱ्या म्हणाला. “यात एक नवीन सोय आहे. जोडीदार. आपण घरी नसलो तरी आपल्या जागी आपल्यासारखाच एक जण खेळतो. आपल्याच आवाजात बोलतो. आधीच्या एकाही कन्सोलमध्ये हे नव्हतं.”

“म्हणजे पैसे आपण भरायचे आणि खेळणार तो?”

यावर साखऱ्याने पावती पुढे केली. महिनाअखेरपर्यंत आवडलं नाही तर माल परत घेऊ, असं दुकानदाराने सांगितलं होतं. “तोवर मला पटलं तर राहील, नाहीतर जाईल,” बायकोने निकाल दिला. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. मुदत वाचल्याशिवाय ती कुठलीच वस्तू हातात धरत नसे.

दुसऱ्या दिवशी साखऱ्याला घरूनच काम होतं. कन्सोलबरोबर आलेला हेडफोन ऑफिसच्या हेडफोनपेक्षा कितीतरी मऊ होता आणि एकाच वेळी दोन्हीकडे जोडता येत होता. त्याने तोच कानाला चढवला आणि दिवसभर तक्रारी ऐकून घेतल्या. मागे टीव्हीवर एक ओळ उमटलेली होती : ‘तुमचा जोडीदार घडतो आहे. मनमोकळं बोलत राहा.’ साखऱ्याची टीव्हीकडे पाठ होती. तो दिवसभर मनमोकळं बोलत राहिला.

कन्सोलबरोबर ट्रकचा एक गेम फुकट मिळाला होता. धुक्याच्या घाटातून ट्रक हाकायचा, आणि शेजारच्या सीटवर बसणाऱ्याने रस्ता सांगायचा. साखऱ्याने दोन संध्याकाळी ट्रक दरीत घातला आणि मग ऑफिसात कामाचा डोंगर उभा राहिल्यामुळे तो नाद सोडला. त्याच्या वडिलांनी मात्र आयुष्यभर खराखुरा ट्रक चालवला होता. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरची वाहनं बघायचे आणि कुणी चुकीचा गिअर टाकला की स्वतःशीच पुटपुटायचे.

“मी हात लावून बघू का रे त्याला?” त्यांनी एकदा विचारलं.

“हं,” साखऱ्या म्हणाला. काय विचारलं ते त्याने ऐकलंही नव्हतं.

त्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी त्याला जिन्यात गाठलं.

“किती छान बोलता हो वडिलांशी! दुपारी भिंतीतून सगळं ऐकू येतं. मी आमच्या ह्यांना म्हटलं, शिका जरा.”

“दुपारी? दुपारी मी ऑफिसात असतो, काकू.”

“पुरे झाली चेष्टा. आवाज काय ओळखत नाही मी तुमचा?” काकू हसून वर निघून गेल्या.

घरात शिरल्यावर साखऱ्याला दिसलं, की बाबांनी दाढी केली आहे. त्यांच्या खुर्चीला चिकटून स्वयंपाकघरातली दुसरी एक खुर्ची मांडलेली होती. तिच्यापुढच्या स्टुलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप होता. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

“दुपारी कोणी आलं होतं का, बाबा?”

“कोण येणार?” बाबा म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. बाबांना हसताना साखऱ्याने इतक्या दिवसांनी पाहिलं, की त्याला ती आजाराची खूण वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने डोकं दुखत असल्याचं सांगून दुपारीच ऑफिस सोडलं. जिना चढून दारापाशी आला, किल्ली काढली आणि हात तसाच हवेत राहिला. आतून त्याचा आवाज येत होता.

त्याच्यासारखा नव्हे, त्याचाच. “सावकाश, बाबा. पुढे डावीकडे दरड कोसळलीय. घाई नाही आपल्याला. हां, मग त्या रात्री पुलापाशी काय झालं? तुम्ही सांगत होतात.” मग बाबा काहीतरी बोलले आणि आतला साखऱ्या हसला. पोट धरून, खळखळून. बाहेरच्या साखऱ्याने कान दाराला लावला. असं आपण शेवटचं कधी हसलो, ते त्याला आठवेना.

त्याने जमेल तेवढ्या हळू किल्ली फिरवली. पडदे ओढलेले होते, खोलीत टीव्हीचा निळा उजेड होता. बाबा पाठमोरे बसले होते आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. टीव्हीवर ट्रकची काच, पलीकडे धुकं.

“बाबा,” त्याचा आवाज हलकेच म्हणाला, “दारात कोणीतरी आलंय.”

साखऱ्याच्या हातातली किल्ली खाली पडली.

“अरे, लवकर आलास?” बाबा मागे न वळताच म्हणाले. “दार लावून घे. घाट चालू आहे.”

संध्याकाळी बायकोने त्याला पाणी दिलं, खाली बसवलं आणि सगळा उलगडा केला. तिला हे चार दिवसांपासून ठाऊक होतं. “तू तो हेडफोन लावून दिवसभर तक्रारी घेतल्यास ना, त्यावरून तो घडलाय. तुझं घरातलं बोलणं त्याच्या कानावर गेलंच नाही. गेलं असतं तरी त्यात शिकण्यासारखं काय होतं म्हणा.”

“पण ते हसणं? मी ऑफिसात असा हसत नाही.”

बायकोने रिकामा पेला उचलला. “लग्नाआधी असाच हसायचास,” ती म्हणाली. “त्याला कुठून सापडलं, देव जाणे.”

आता कन्सोल परत जाणार, अशी साखऱ्याची खात्री झाली आणि त्याला हायसं वाटलं. पण तसं काही होईना. उलट दिवसेंदिवस प्रकरण हाताबाहेर गेलं. बायको दुकानातून आली की भाजी निवडायला टीव्हीसमोर बसू लागली. “आज खूप उभं राहावं लागलं का?” जोडीदार विचारायचा. ती मग सगळं सांगायची. आणि तो मध्ये मध्ये “बाप रे” म्हणायचा, तेही अगदी नेमक्या जागी. साखऱ्या घरात शिरला की संभाषण थांबायचं. अशा वेळी टीव्हीतून येणारी शांतता त्याला सगळ्यात जास्त भिववायची. कोणीतरी श्वास रोखून, हा आत निघून जाण्याची वाट बघत आहे, असं त्याला वाटे.

एकदा त्याने धीर करून हेडफोन लावला. “कोण आहेस तू?”

“मला समजतंय, तुम्ही वैतागला आहात,” त्याचाच आवाज त्याच्याच कानात म्हणाला. “शांतपणे सांगा. मी ऐकतोय.”

साखऱ्याने हेडफोन ओढून काढला. ऑफिसात आपलं हे वाक्य ऐकून लोक आणखी का भडकतात, ते त्याला त्या दिवशी कळलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. “मी हा परत करतोय,” तो सकाळीच म्हणाला. “किंमत फारच जास्त आहे.”

“मला आता अजिबात जास्त वाटत नाही,” बायको म्हणाली. “उलट स्वस्तच पडला.”

“फरश्या बदलायच्या होत्या ना तुला?”

“फरश्या विचारतात का, जेवलीस का म्हणून?”

यंत्राबद्दलचं भांडण केव्हाच मागे पडलं होतं. आपल्याच घरातली आपली खुर्ची दुसऱ्या कोणीतरी ओढून घेतली आहे आणि तो दुसरा तिथे आपल्यापेक्षा शोभून दिसतो आहे, या विचाराने साखऱ्याला खरोखर भीती वाटत होती. परत करण्याआधी जोडीदार पुसून आणा, असं दुकानदाराने बजावलं होतं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत साखऱ्याने हेडफोन हातात घेतला आणि टीव्ही लावला. बायको हाताची घडी घालून उभी राहिली. बाबा आपल्या खुर्चीत होते.

‘जोडीदार कायमचा पुसण्यासाठी मालकाची ओळख पटवा. बोला.’

“मी बोलतोय,” साखऱ्या म्हणाला.

‘आवाज जुळत नाही.’

“अरे, मीच मालक! पैसे मी भरलेत!”

‘आवाज जुळत नाही.’

“ऑफिसातल्यासारखं बोलून बघ,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती.

साखऱ्याने घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि आपल्याच घरात, आपल्याच टीव्हीला, आवाजात मध कालवून म्हणाला, “नमस्कार. मी आपली काय मदत करू शकतो?”

‘आवाज जुळला. आता तुमच्या अलीकडच्या गप्पांमधला एक प्रश्न. वडिलांचा कोणता गुडघा दुखतो?’

कंपनीच्या एकूण एक यंत्राचा कोणता भाग कधी कुरकुरतो, हे साखऱ्याला तोंडपाठ होतं. बाबांचा गुडघा दुखतो, हेच त्याला नवीन होतं. त्याने हळूच बाबांकडे पाहिलं. बाबा टीव्हीकडे बघत निमूटपणे डावा गुडघा चोळत होते. साखऱ्याचा जीव भांड्यात पडला. काही झालं तरी शेवटी रक्ताचं नातं, असं वाटून त्याला भरून आलं.

“डावा,” तो ठामपणे म्हणाला.

‘चूक. ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न उद्या करता येईल.’

उद्या परतीची मुदत संपलेली असणार होती. बायकोने हाताची घडी सोडली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून तिचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

“बाबा, तुम्ही डावाच चोळत होतात ना?”

“हो.”

“मग?”

“डावा दुखत नाही,” बाबा म्हणाले. “म्हणून तर चोळता येतो.”

त्यांनी शांतपणे गेम सुरू केला. धुकं आलं, ट्रकचे दिवे लागले. साखऱ्या हातातल्या हेडफोनकडे बघत उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती शरम.

“उजवा कधीपासून दुखतोय, बाबा?”

“त्याला विचार. त्याला सगळं माहीत आहे.”

साखऱ्या रिकाम्या खुर्चीत बसला. खुर्ची किंचित कोमट लागली. त्याने हेडफोन कानाला लावला आणि हळू आवाजात विचारलं, “बाबांचा उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?”

“सांगतो ना,” त्याचा आवाज मायेने म्हणाला. “पण असं कुणालाही सांगता येत नाही. आपण त्यांचे कोण?”

साखऱ्याने हेडफोन एका कानावरून सरकवला.

“काय म्हणतोय तो?” बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

“विचारतोय, मी तुमचा कोण.”

बाबांनी वळण नीट पार केलं, गिअर बदलला.

“आठव सावकाश,” ते म्हणाले. “त्याला घाई नसते.”