भिंतीपलीकडचा गृहपाठ

"समज, मी प्रेषक आणि तू ग्राहक," गुणाजी परब फोनच्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "आता आपल्याला पाहिजे माध्यम."

"मला आधी मीठ पाहिजे. डबा द्या इकडे," अंबिका ओट्यापाशी कोंबडी ढवळत म्हणाली.

निवृत्तीनंतर गुणाजी शिवाजी पार्कजवळ ज्येष्ठांच्या संगणकवर्गाला जाऊ लागले, तेव्हापासून नायगावातल्या त्या घरात साधं बोलणं असं उरलंच नव्हतं. आजचा गृहपाठ होता डेटा कम्युनिकेशनचा. घरातलंच उदाहरण घेऊन व्हिडिओ करायचा होता.

गुणाजींनी घसा खाकरला. "घरातल्या घरात जोडणी ती लॅन, शहरभर ती मॅन, जगभर ती वॅन. आता उदाहरण. प्रेषक, शेजारच्या विल्मा बाप्टिस्ट. ग्राहक, आमची अंबिका. माध्यम, मधला पॅसेज. आणि संदेश असा, की आज आमच्या कॅरिसाला बघायला येतायत, तुझे कोंबडी-वडे दे, कॅरिसाने केले म्हणून सांगते!"

"अहो, हे कशाला बोलताय?"

"वर्गात विल्माबाईंना कोण ओळखतं?"

संध्याकाळी डबे शेजारी पोचले, पाहुणेही पोचले. गुणाजी आपली कामगिरी मोठ्या पडद्यावर बघायला बसले. दोन्ही घरांत मिळून वायफाय एकच होतं आणि सेलमध्ये दोघांनी टीव्हीही एकाच कंपनीचे घेतले होते. फोनवर एकाच नावाचे दोन टीव्ही दिसले. गुणाजींनी पहिल्यावर बोट ठेवलं.

टीव्ही काळाच राहिला. त्यांनी आवाज वाढवला. तरी काही नाही. आणखी वाढवला.

"अहो," अंबिकाने कान टवकारले, "तुम्ही भिंतीतून बोलताय."

खरंच, पलीकडून गुणाजींचाच आवाज घुमत होता, "...कॅरिसाने केले म्हणून सांगते!"

गुणाजी फोन घेऊन ताडकन उभे राहिले. कॅरिसाची आधीची दोन स्थळं फिसकटली होती. या वेळी तर विल्माने चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती.

"बंद करा ते आधी!"

गुणाजींनी घाईघाईत दिसेल ते बटण दाबलं. व्हिडिओ गेला. पण फोनची आख्खी स्क्रीनच आता विल्माच्या टीव्हीवर गेली, हे त्यांना कुठे ठाऊक? त्यांनी विल्माला गुपचूप मेसेज लिहायला घेतला.

"विल्माबाई, घाबरू नका," त्यांनी टाइप केलं.

"'विल्माबाई, घाबरू नका,'" भिंतीपलीकडे एका बाईने खणखणीत आवाजात वाचलं.

गुणाजी दचकले. "पाठवायच्या आधीच पोचला? स्पीड बघ!" म्हणत ते पुढे लिहू लागले.

"'पाहुण्यांना सांगा,'" पलीकडून आवाज आला, "'की शेजारचा म्हातारा वेडा...' थांबा, खोडलं. 'थोडा विसरभोळा आहे.'"

"मॉम, बंद करू का?" कोणीतरी तरुण विचारत होता.

"गप रे जेरी! अजून लिहितायत ते."

अंबिकाने फोन हिसकावून घेतला आणि पार बंद करून टाकला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात मुलाची आई जोॲना उभी होती. मागे जेरी, त्याच्यामागे पदरात तोंड लपवलेली विल्मा आणि हसू दाबून लालबुंद झालेली कॅरिसा.

"कोंबडी कोणी केली?" जोॲनाने दरडावून विचारलं.

"मी," अंबिका म्हणाली. "पण पोरगी चांगली आहे हो. चूक आमची."

"माझा मुलगा दोनदा वाढून घेऊन जेवला. घरी माझ्या हातचं एकदा वाढलेलंही संपवत नाही!"

जेरी पुढे आला. "आंटी, मला शिकवाल? कॅरिसा आत्ताच बोलली, तिला अंडंपण उकडता येत नाही. मला ना, खरं बोलणारी आवडते."

"मी कधीच खरं सांगणार होते," कॅरिसा म्हणाली. "मम्मीच चिमटा काढत होती."

विल्माने पदर खाली केला. रडावं की हसावं तिला कळेना, म्हणून तिने गुणाजींच्या पाठीत एक धपाटा घातला.

पुढच्या रविवारी अंबिकाच्या स्वयंपाकघरात जेरी वडे थापत होता आणि कॅरिसा शेजारी बसून ते खात होती. गुणाजी लसूण सोलत होते. त्यांना तोंड उघडायची परवानगी होती, पण फक्त रश्श्याचं मीठ बघण्यापुरती.