मिनोअन राजाची दोन जाळी

मंदारने खोकं उघडलं तेव्हा त्यातून आधी निघाली चौकड्यांची लुंगी. मग डोक्याला बांधायचा पंचा, पुठ्ठ्याचा मासा, एक अवाढव्य टोपली आणि दोन जाळी. सकाळचे साडेसात वाजले होते. दहा वाजता चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या शाळेत त्याची लेक रेवा ग्रीक संस्कृतीच्या उगमावर बोलणार होती, तीही क्रीट बेटावरच्या मिनोअन राजाच्या वेशात. सलग दोन वर्षं स्टेजवर झाड होऊन उभ्या राहिलेल्या रेवाला यंदा पहिल्यांदाच तोंड उघडायला मिळत होतं.

वेश तिरुवल्लिकेणीतल्या दुकानातून मागवला होता खुद्द मंदारने, फोनवर, तमिळमध्ये. अंबत्तूरच्या कारखान्यात चार महिने काढल्यावर आपल्याला तमिळ उत्तम येतं, असं त्याचं मत झालं होतं. ते त्याच्या एकट्याचंच होतं. खालच्या मजल्यावरच्या सीतालक्ष्मी मामी तंजावरच्या मराठी घरातल्या. फोन मी करते, असं त्या म्हणाल्याही होत्या. त्याने हसून नको म्हटलं होतं.

आता मंदारच्या बायकोने, अदितीने, मामींनाच वर बोलावलं. मामींनी खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली.

"दुकानात काय म्हणून सांगितलास?"

"मिनोअन राजा. वय अकरा."

"मीनवन म्हणजे कोळी की रे. राजा हे पोराचं नाव वाटलं त्याला. मग?"

मग दुकानदाराने 'वलै' हवं का विचारलं. मंदारला ऐकू आलं 'वळै', म्हणजे बांगडी. राजाच्या हातात कडी हवीतच, म्हणून त्याने दोन सांगितली. पुढे दुकानदार 'कूडै' म्हणाला, ते याला 'कुडै' वाटलं, म्हणजे छत्री. राजाला छत्र नको का? मोठ्यातलं मोठं पाठवा, असं त्याने बजावलं होतं.

"वलै म्हणजे जाळं, कूडै म्हणजे टोपली," मामी म्हणाल्या. "दुकानवाल्याची चूक एकही नाही."

अदिती चादर शोधायला धावली, पण घरातली एकुलती एक पांढरी चादर मशीनमध्ये गरगरत होती. रेवा टोपली मांडीवर घेऊन बसली. तिचा चेहरा पाहून मंदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जरा वेळाने तिनेच मामींना विचारलं, लुंगी कशी नेसतात. मामींनी ती नेसवली आणि त्याही शाळेला निघाल्या.

शाळेत तिच्या आधी चादरी गुंडाळलेले तीन झ्यूस आणि दोन अलेक्झांडर होऊन गेले. रेवा टोपली कमरेवर घेऊन आली आणि सभागृह खदखदून हसलं. ती हसू थांबेपर्यंत उभी राहिली.

"राजा महालात आहे," ती म्हणाली. "मी त्याचा कोळी. आमच्या महालाला मोठी तटबंदी नाही, कारण समुद्र आमचा आहे."

मग तिने सांगितलं, नावा भरून तेल आणि भांडी दूरवर कशी गेली; पुढे मुख्य भूमीवरचे लोक आले, त्यांनी बेट घेतलं, लिपी घेतली आणि तिच्यावरून अक्षरं बेतून स्वतःची भाषा लिहिली. ती भाषा ग्रीक होती. या वेळी कुणी हसलं नाही. मंदारचे डोळे भरून आले.

पहिलं बक्षीस रेवाला मिळालं. इतिहासाच्या हरिप्रिया मिस स्वतः मंदारला शोधत आल्या. इतकी वर्षं नुसते राजेच पाहिले, म्हणाल्या. कोळ्याचा वेश तुम्ही मुद्दाम निवडलात का?

"अर्थात," मंदार म्हणाला, आणि तेही तमिळमध्ये.

मिसना फारच आनंद झाला. शनिवारी पालकांसाठी व्याख्यान होतं आणि वक्ता ऐनवेळी फिरला होता. मिनोअन लोकांवर अर्धा तास बोलाल का? मंदारने छाती फुगवून होकार देऊन टाकला.

"मात्र इंग्रजी नको," मिस म्हणाल्या. "असंच छान तमिळमध्ये बोला."

मंदारने वळून पाहिलं. सीतालक्ष्मी मामी टोपली उचलून केव्हाच फाटकाबाहेर पोचल्या होत्या.